यादी, पेटी आणि विश्वास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांस 'इतिहासावर काहीतरी लिहा' असे सुचविले. परप्रांतातील मराठी माणसास इतिहासावर लिहावयास सांगितले की तो पानिपतापासून आरंभ करतो. मराठे या बाजूस केव्हा आले, कोणत्या सरदाराने कोठे तळ दिला, याची चर्चा आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकांतून इतक्या वेळा झाली आहे, की तीत आम्ही नवी भर घालू शकू असे वाटत नाही. म्हणून ज्या इतिहासाशेजारी आम्ही स्वतः एका मोडक्या शालेय बाकावर बसून रात्री काढल्या, त्याविषयी लिहिण्याचे योजिले आहे. तो इतिहास मतदानाचा आहे.

केंद्र सरकारच्या सेवकास निवडणुकीचे काम चुकत नाही. नेमणुकीचा हुकूम निघाला की कचेरीतील पुष्कळांच्या प्रकृती अचानक बिघडतात, हे खरे. तथापि आमची प्रकृती दुर्दैवाने नेहमीच ठणठणीत राहिल्याने मतदान अधिकारी आणि पुढे केंद्राध्यक्ष या नात्याने आम्ही अनेक निवडणुका पाहिल्या. आरंभी कागदाच्या पाहिल्या, नंतर यंत्राच्या. त्या अनुभवाने मनात एक प्रश्न घर करून राहिला. मत टाकून बाहेर पडणारा मनुष्य आपले मत मोजले जाईल असे कशाच्या आधारावर मानतो? त्याने पेटी उघडलेली पाहिलेली नसते, मोजणीच्या खोलीत तो नसतो, आम्हां अधिकाऱ्यांना तो ओळखतही नसतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही मागे मागे जात १९४९ च्या जून महिन्यापर्यंत पोहोचलो, आणि तेथे जे सापडले ते आपणां परप्रांतस्थ मराठी मंडळींच्या इतके जिव्हाळ्याचे आहे, की ते आजवर आपल्या मंडळात कोणी सांगितले नाही याचेच नवल वाटले.

घटनेच्या मूळ मसुद्यात प्रत्येक प्रांतासाठी स्वतंत्र निवडणूक आयोगाची योजना होती. १५ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीपुढे ती योजना बदलणारी दुरुस्ती मांडली आणि साऱ्या देशासाठी एकच मध्यवर्ती आयोग असावा असे सुचविले. हेच कलम पुढे ३२४ वे झाले. प्रांतांचे अधिकार असे काढून घेणे ही क्रांतिकारक गोष्ट आहे, याची बाबासाहेबांना पूर्ण जाणीव होती. मग ती का करावी? त्यांनी दिलेले कारण असे होते : काही प्रांतांत तेथील राज्यकर्ते अशी व्यवस्था करीत आहेत, की जे वंशाने, संस्कृतीने वा भाषेने त्या प्रांताचे नाहीत त्यांची नावे मतदार यादीत येऊच नयेत. अशा तक्रारी मसुदा समितीकडे आणि मध्यवर्ती सरकारकडे आल्या होत्या.

वाचकहो, हे वाक्य आम्ही प्रथम वाचले तेव्हा ग्रंथालयातील टेबलावरून उठून एक फेरी मारून आलो. भाषेने प्रांताबाहेरचे म्हणजे कोण? आपणच की. त्या वेळी डोळ्यांपुढे असलेली माणसे मराठी नव्हती. फाळणीने उखडलेले निर्वासित आणि दुसऱ्या भाषेच्या प्रांतात जाऊन राहिलेले लोक, यांच्या त्या तक्रारी होत्या. परंतु बदलीच्या गावी, कारखान्याच्या वसाहतीत किंवा रेल्वेच्या चाळीत संसार मांडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची गोष्ट तीच. ज्या गावात आपण अल्पसंख्य आहोत, त्या गावच्या यादीत आपले नाव राहील की नाही हे तेथील बहुसंख्यांच्या मर्जीवर असू नये, एवढ्यासाठी निवडणूक आयोग दिल्लीस गेला.

त्या चर्चेत शंका घेणारेही होते. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी विचारले, की प्रांतांवर अविश्वास दाखवून सारी सत्ता मध्यवर्ती सरकारने नेमलेल्या माणसाकडे द्यावयाची, तर त्या माणसाच्या निःपक्षपातीपणाची हमी काय? शिब्बनलाल सक्सेना यांची सूचना होती, की मुख्य निवडणूक आयुक्ताच्या नेमणुकीस संसदेच्या दोन-तृतीयांश बहुमताची संमती लागावी. बाबासाहेबांनी या शंकेतील तथ्य अमान्य केले नाही. अपात्र मनुष्य नेमला जाऊ नये अशी तरतूद घटनेत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. तो प्रश्न तेथेच राहिला तो चौऱ्याहत्तर वर्षे. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, संसद कायदा करीपर्यंत, पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने नेमणूक व्हावी असा निर्णय दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा झाला आणि त्यात सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नामनिर्दिष्ट केलेला केंद्रीय मंत्री आला. सरकारी सेवकाने यावर अधिक लिहू नये; कुंझरूंचा प्रश्न जुना झाला नाही एवढेच नोंदवितो.

आता यादीकडे वळू. प्रौढ मताधिकाराची यादी करण्याचे काम घटना पुरी होण्यापूर्वीच, १९४८ साली, घटना समितीच्या सचिवालयाने हाती घेतले होते. ज्या देशात तोवर मताचा हक्क मालमत्ता, शिक्षण किंवा करभरणा पाहून मोजक्यांनाच मिळे, तेथे एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाचे नाव घरोघर जाऊन लिहावयाचे होते. निर्वासितांकडे वास्तव्याचा पुरावा कोठून असणार? तेव्हा आपण या गावी कायम राहू इच्छितो एवढे त्यांनी लिहून दिले की नाव घ्यावे, असे ठरले. सरकारी कारभारात असा उदार नियम क्वचितच आढळतो. ज्याचे घर गेले त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून या राज्ययंत्रणेने आपले खाते उघडले होते.

पुढे स्त्रियांच्या नावांचा प्रश्न उभा राहिला. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश या भागांतील लक्षावधी स्त्रियांनी यादी लिहिणाऱ्यास स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, अशाच नोंदी झाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी आदेश दिला, की अशा नोंदी चालणार नाहीत. बिहारला नावे दुरुस्त करण्यासाठी महिन्याभराची वाढीव मुदतही मिळाली. तरीही सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी अठ्ठावीस लाखांच्या आसपास नोंदी शेवटी वगळाव्या लागल्या. सेन यांच्यावर त्या वेळी टीका झाली, आणि अठ्ठावीस लाख मते बुडाली हे काही लहान नव्हे. परंतु आमच्या मते सेन यांचे बरोबर होते. 'रामलालची बायको' म्हणून कोणीही घुंघट घेऊन येऊ शकेल. आणि जिचे नावच नाही तिच्या नावावर दुसऱ्याने मत दिले तर तिने तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी? पुढील निवडणुकीपर्यंत यांतील बहुतेकींची नावे यादीत आली.

सुकुमार सेन हे सनदी नोकरीतील बंगाली गृहस्थ. गणिताचे अभ्यासक, पश्चिम बंगालचे मुख्य सचिव राहिलेले. मार्च १९५० मध्ये ते या पदावर आले. त्यांच्या स्वभावाविषयी फारसे लिहिलेले सापडत नाही, कारण त्यांनी स्वतःविषयी फारसे काही मागे ठेवलेच नाही. जे ठेवले ते पहिल्या निवडणुकीचा अहवाल. १७ कोटी ३२ लाख मतदार, लोकसभेच्या ४८९ आणि विधानसभांच्या मिळून तीन हजारांहून अधिक जागा, आणि लिहिता-वाचता येणारे लोक शंभरात वीसही नाहीत. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलातील चिनी आणि पांगी या तहसिलींत बर्फ पडण्यापूर्वी मतदान उरकण्यात आले. कल्पा येथील शिक्षक श्याम सरन नेगी यांनी त्या दिवशी मत दिले. पुढे प्रत्येक निवडणुकीत मत देत ते नोव्हेंबर २०२२ मध्ये वारले, तेही अखेरचे मत टपालाने देऊन तीन दिवस झाल्यावर. बाकी देशाचे मतदान फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालले.

निरक्षर माणसास मत कसे द्यावयास लावावे? सेन यांनी काढलेला तोडगा फार साधा होता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याची निशाणी. काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाची पणती, समाजवाद्यांचे वडाचे झाड, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. मतदाराने आडोशामागे जावयाचे आणि रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकावयाची. शिक्का नको, सही नको. यासाठी वीस लाखांहून अधिक पोलादी पेट्या लागल्या आणि त्यांना ८,२०० टन पोलाद खर्ची पडले. यांतील बारा लाखांहून अधिक पेट्या आपल्या मुंबईच्या विक्रोळीस गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. बाहेरचे कुलूप महाग पडे म्हणून ते पेटीच्या आतल्या बाजूस बसविण्याची युक्ती तेथल्याच कारागिराची. मतपत्रिका नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या. दिल्लीच्या कल्पनेला महाराष्ट्राच्या कारखान्यांनी हातपाय दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

लोकांनी या पेट्यांना काय काय समजावे? कोणी पेटीस फुले वाहिली, कोणी हात जोडले. मोजणीच्या वेळी काही पेट्यांतून मतपत्रिकांबरोबर अर्ज, शिव्यांच्या चिठ्ठ्या आणि सिनेमातल्या नटांची छायाचित्रेही निघाली. आम्हांस यात हसण्यासारखे काही वाटत नाही. सरकारकडे पोहोचण्याची एक फट प्रथमच आपल्या गावात आली आहे, असे ज्यांना वाटले त्यांनी आपले म्हणणे त्या फटीतून आत टाकले. आमच्या कचेरीत रोज येणारे अर्ज यापेक्षा फार वेगळे नसतात.

या पद्धतीत एक मोठे छिद्र होते. आडोशामागे मतदार एकटा असे. त्याने मतपत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणली आणि उमेदवाराच्या माणसास विकली, तर कळण्याचा मार्ग नव्हता. आणि तो माणूस अशा दहा-वीस पत्रिका घेऊन एकाच पेटीत टाकू शके. दोन निवडणुका या पद्धतीने झाल्यावर, १९६० च्या सुमारास काही ठिकाणी आजमावून पाहून, १९६२ च्या निवडणुकीपासून सर्व उमेदवारांची नावे व निशाण्या असलेली एकच मतपत्रिका, शिक्का मारण्याची पद्धत आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत ठेवलेली एकच पेटी आली. विकत घेणाऱ्याचा धंदा सारा बंद झाला नाही, पण अवघड झाला.

शाईची कथाही अशीच. एका माणसाने दोनदा मत देऊ नये म्हणून डाव्या तर्जनीवर खूण करावयाची. शाईतील सिल्व्हर नायट्रेट उजेड लागताच काळे पडते आणि कातडीस असे चिकटते, की कातडी झिजेपर्यंत जात नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सिद्ध केलेली ही शाई १९६२ पासून म्हैसूरचा सरकारी रंगकारखाना पुरवीत आला आहे. त्या संस्थानच्या महाराजांनी १९३७ साली लाखेच्या कामासाठी काढलेला तो कारखाना. ओळखपत्रे, छायाचित्रे, संगणक यांपैकी काहीच नव्हते तेव्हा हा एक काळा ठिपका साऱ्या देशाची ओळख सांभाळीत होता, आणि आज सर्व काही असूनही तो गेलेला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तो मतदारास दिसतो, त्याच्या शेजाऱ्यास दिसतो, आणि समजावून सांगावा लागत नाही.

आम्हांस केंद्राध्यक्षाच्या कामाचे पहिले शिक्षण मिळाले तेव्हा एक गोष्ट फार विचित्र वाटली होती. शिकविणारे अधिकारी प्रामाणिकपणाविषयी एक शब्दही बोलले नाहीत. सारा भर दाखविण्यावर होता. मतदान सुरू होण्यापूर्वी रिकामी पेटी उलटी करून सर्व उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवा. तिला कागदी मोहोर लावा, त्या कागदाचा क्रमांक त्यांना टिपून घेऊ द्या, त्यावर त्यांच्या सह्या घ्या. संध्याकाळी पेटीचे तोंड बंद करताना त्यांना हवे असल्यास त्यांच्याही मोहोरा लावू द्या. आम्ही प्रामाणिक आहोत की नाही याची कायद्यास मुळी पर्वाच नव्हती. आम्ही लबाड असू शकतो हे गृहीत धरून त्याने खोलीत संशयासाठी एक बाक राखून ठेवला होता, आणि त्या बाकावर परस्परांचे वैरी असलेले चार-पाच मतदान प्रतिनिधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्यावर आणि एकमेकांवर डोळा ठेवून बसत. पहिल्या दिवशी याचा आम्हांस अपमान वाटला. रात्री मोहोरबंद पेटी जमा करताना मात्र त्या सह्यांचा केवढा आधार वाटला म्हणून सांगू.

बाबासाहेबांनी ज्या यंत्रणेचा आराखडा काढला, तिनेच घेतलेल्या निवडणुकीत ते स्वतः दोनदा हरले, हे आपण जाणतोच. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत. उत्तर मुंबई दोन जागांचा मतदारसंघ होता. तेथे पुष्कळ मते हेतुपुरस्सर वाया घालविण्यात आली, अशी तक्रार घेऊन अशोक मेहतांसह त्यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. यश आले नाही. पण हरलेल्याने रस्त्यावर न उतरता अर्जाचा कागद हाती घ्यावा, ही वाट त्यांनी आपल्या पायांनी मळली. त्याच वाटेने १९७५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यमान पंतप्रधानांची निवड रद्द ठरविली. एका राजपत्रित अधिकाऱ्याची मदत घेतल्याचा मुद्दा त्यात होता. आम्हां अधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांतून तो निकाल आजही दबक्या आवाजात सांगितला जातो.

सेन यांचे काम बाहेरच्यांनीही पाहिले. १९५३ मध्ये सुदानमधील निवडणुकीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले.

तथापि संशयाच्या बाकावरील माणसास उचलून बाहेर फेकले तर? हे १९५७ मध्येच घडले. बिहारातील बेगुसराय भागात रचियाही येथे केंद्र बळकावण्याची घटना त्या वर्षीची, आणि अशा नोंदलेल्या घटनांत ती पहिली मानली जाते. पुढे त्याचा धंदा झाला. प्रथम पुढाऱ्यांसाठी गुंड केंद्रे लुटीत, मग गुंडांनाच वाटू लागले की दुसऱ्यासाठी का लुटावी. १९८१ मध्ये गढवाल लोकसभा पोटनिवडणुकीचे मतदान आयोगाने सबंध रद्द केले. १९९० मध्ये हरियाणातील मेहमची पोटनिवडणूक हिंसाचाराने उधळली गेली. डिसेंबर १९९० मध्ये टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले. त्यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे पुनरुक्ती नको. त्यांनी नवा कायदा केला नाही. होता तोच मोठ्याने वाचून दाखविला, आणि वाचणाऱ्याचा आवाज बऱ्याच वर्षांनी मोठा असल्याने पुष्कळांस तो नवा वाटला. छायाचित्रासह ओळखपत्रांचा आग्रह १९९३ चा. दुसऱ्या राज्यांतील ज्येष्ठ अधिकारी निरीक्षक म्हणून पाठविण्याच्या प्रथेस धार आली तीही त्यांच्या काळात, आणि १९९६ मध्ये निरीक्षकास कायद्याचा आधार मिळाला. निरीक्षक हा मुद्दाम परका असावा लागतो. त्याचे त्या गावात कोणी नसते हेच त्याचे भांडवल. परप्रांतात आयुष्य काढलेल्या आम्हां लोकांस हे भांडवल बरेच परिचयाचे आहे.

आता त्या आठवणीकडे येतो, जी सांगावी की नाही याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतो. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका शाळेत केंद्राध्यक्ष होतो. दुपारी दोनच्या सुमारास आपल्या मंडळाचे एक वयोवृद्ध सभासद काठी टेकीत आले. (ते आता नाहीत, नाव देत नाही.) पहिल्या अधिकाऱ्याने यादी पाहिली आणि तो गप्प झाला. त्यांच्या नावापुढे खूण झालेली होती. त्यांच्या नावावर सकाळीच कोणीतरी मत देऊन गेला होता. त्यांचे बोट कोरे.

ते थेट आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, ''अहो, हे काय चालले आहे तुमच्या राज्यात?''

बाकावरील चारही प्रतिनिधींनी एकदम माना वर केल्या. त्यांना मराठी येत नव्हते. केंद्राध्यक्ष आणि हा मतदार परक्या भाषेत काही ठरवीत आहेत, एवढेच त्यांना दिसले असते. आम्ही त्यांस हिंदीत, 'श्रीमान' म्हणून, आपले नाव व पत्ता सांगावा असे सांगितले. ज्यांच्या घरी आम्ही गणपतीच्या आरतीस जात असू, त्यांच्याशी आम्ही सबंध वेळ हिंदीत बोललो. ओळखीची खातरजमा केली. नियमाप्रमाणे त्यांस प्रदत्त मतपत्रिका दिली, रजिस्टरात सही घेतली, आणि त्यांनी शिक्का मारलेली पत्रिका पेटीत न टाकता वेगळ्या पाकिटात ठेवली.

''ये गिना जाएगा?'' आता त्यांनीही हिंदीतच विचारले.

खरे ते सांगणे भाग होते. प्रदत्त मत मोजणीत धरले जात नाही. निवडणुकीस न्यायालयात आव्हान मिळाले आणि न्यायालयाने ते पाकीट मागविले, तरच ते उघडते. आम्ही तसे सांगितले. त्यांनी बोटावरील शाईकडे पाहिले, काठी उचलली आणि निघून गेले. त्या वर्षी गणपतीत ते आमच्याशी बोलले नाहीत.

सकाळी कोण मनुष्य त्यांच्या नावावर मत देऊन गेला? तोही आमच्याच समोरून गेला असला पाहिजे. प्रतिनिधीस आक्षेप घेता येतो. त्यासाठी दोन रुपये अनामत भरावी लागते. चौघांपैकी कोणीही घेतला नव्हता. घेणार तरी कसा? परभाषक वस्तीतील वृद्ध मनुष्यास ओळखणारे त्या बाकावर कोणीच नव्हते. आणि आम्ही त्यांना चांगले ओळखीत होतो, पण तोतयाच्या वेळी आम्ही यादीतील नावाकडे नव्हे, पेटीकडे पाहत होतो. या गोष्टीचा बोल आम्ही दुसऱ्या कोणावर ठेवीत नाही.

कागदावरील विश्वास गाढ होता आणि यंत्राने तो घालविला, असे अलीकडे पुष्कळ म्हणतात. इतिहास पाहता तसे दिसत नाही. १९७१ मध्ये दक्षिण दिल्लीत पराभूत झालेल्या बलराज मधोक यांनी असा आरोप केला होता, की मतपत्रिकांवर रसायन लावलेले होते. मतदाराने मारलेला शिक्का उडून जाई आणि गाय-वासरावर दुसरा उमटे. सर्वोच्च न्यायालयाने हा आरोप हास्यास्पद म्हणून झिडकारला नाही. मतपत्रिकांच्या तपासणीस परवानगी दिली. आरोप सिद्ध झाला नाही. पण न्यायालयाने पाकीट उघडून पाहावयास दिले, हे आमच्या दृष्टीने निकालाइतकेच मोलाचे.

यंत्राची पहिली परीक्षा १९ मे १९८२ रोजी केरळात परूर विधानसभा मतदारसंघात झाली. चौऱ्याऐंशीपैकी पन्नास केंद्रांवर यंत्रे ठेवली होती. मौज अशी, की यंत्रास निवडणुकीपूर्वी हरकत घेणारे शिवन पिळ्ळै १२३ मतांनी निवडून आले, आणि हरलेले ए. सी. जोस न्यायालयात गेले. यंत्राने मोजण्यात चूक केली असे न्यायालयाने म्हटले नाही. कायद्यात 'मतपत्रिका' असे म्हटले असून यंत्रास आधार नाही, एवढ्याच कारणाने १९८४ मध्ये निवड रद्द झाली. त्या पन्नास केंद्रांवर पुन्हा कागदावर मतदान झाले आणि जोस निवडून आले. कायदा दुरुस्त व्हावयास १९८९ उजाडले, आणि लोकसभेच्या सर्व जागांसाठी यंत्रे आली ती २००४ मध्ये.

यंत्रामुळे केंद्र बळकावणाऱ्याचा वेग कमी झाला, बाद मते गेली, मोजणीच्या दोन रात्री वाचल्या. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. परंतु बाकावरील माणसाचे काय झाले? पेटी उलटी करून दाखविता येत होती, यंत्र उलटे करून काय दिसणार! त्यावर उपाय म्हणून सकाळी प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मतांचे अभिरूप मतदान घ्यावयाचे, त्याची बेरीज दाखवावयाची, मग ती पुसून मोहोर लावावयाची. दिवसाअखेर किती मते पडली याचा हिशेब १७-सी या नमुन्यात लिहून त्याची प्रत प्रतिनिधींस द्यावयाची. तरीही मतदारास स्वतः पाहता येईल असे काही उरले नव्हते. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन येथे चिठ्ठी दाखविणारे यंत्र प्रथम वापरले गेले, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची गरज मान्य केली. सात सेकंद काचेमागे कागद दिसतो आणि पेटीत पडतो. एकतीस वर्षे हिंडून यंत्र पुन्हा कागदाशी आले. किती चिठ्ठ्या मोजाव्यात यावर वाद चालू राहिला. २०१९ मध्ये न्यायालयाने विधानसभा क्षेत्रामागे एका यंत्राऐवजी पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या पडताळण्यास सांगितले. एप्रिल २०२४ मध्ये सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास काही यंत्रे तपासून मागण्याचा हक्क दिला.

यंत्राने एक जुनी सोय मात्र नेली, आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. पूर्वी मोजणीआधी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळीत, म्हणजे कोणत्या वस्तीने कोणास मत दिले ते उघड होऊ नये. आता केंद्रवार आकडे निघतात. आपल्यासारख्या एका गल्लीत राहणाऱ्या लहान समाजाचे मत अशाने झाकलेले राहत नाही.

आणि यादीचा प्रश्न? २०२५ मध्ये बिहारातील यादीची सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा प्रारूप यादीतून सुमारे पासष्ट लाख नावे वगळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये आदेश दिला, की वगळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करावीत. कोणाची नावे योग्य कारणाने गेली, कोणाची नाही, याची छाननी ज्यांचे काम आहे ते करतील. आम्ही तो आदेश वाचला तेव्हा आम्हांस १९४९ मधील बाबासाहेबांचे भाषण आठवले, आणि परगावी नोकरीस गेलेल्या मुलाचे नाव कोणत्या गावच्या यादीत आहे हे विचारण्यासाठी आम्ही त्यास त्याच रात्री फोन केला. कोणत्याच नव्हते.

त्या वृद्ध सभासदांची गोष्ट पुरी करावयाची राहिली. १९९८ मध्ये पुन्हा लोकसभा निवडणूक आली. आमची नेमणूक या वेळी दुसरीकडे होती. त्यांच्या चिरंजीवांनी नंतर सांगितले, की त्या दिवशी आजोबा पहाटे चारला उठले, स्नान केले आणि चहा न घेताच शाळेत जाऊन बसले. शाळेचे फाटक अद्याप उघडावयाचे होते. पहारेकऱ्याने विचारले, एवढ्या लवकर कशाला? तर म्हणाले, ''मेरे नाम पर कोई और आने से पहले मैं आ गया हूँ.'' पेटी रिकामी असल्याचे प्रतिनिधींना दाखविले गेले ते त्यांनी दारातून पाहिले, आणि त्या केंद्रावर पहिले मत त्यांनी दिले. संध्याकाळी मंडळाच्या कार्यालयात आले तेव्हा शाईचे बोट आमच्यापुढे धरून ते मराठीत बोलले, तब्बल अर्धा तास.